लाइन गेली तर फाइल राहील का? लिनक्सवरच्या तात्पुरत्या फायली सांभाळताना

तात्पुरती फाइल तयार करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: आत्ता लाइन गेली, तर उद्या सकाळी ही फाइल लागणार आहे का? नाही म्हणत असाल तर ती कुठेही ठेवा. हो म्हणत असाल तर ती तात्पुरती नाहीच, आणि तिला /टीएमपीत ठेवणं चूक आहे. ग्रामपंचायतीतला डाटा एंट्रीचा संगणक असो, जिनिंगच्या वजनकाट्याजवळचं मशीन असो की शाळेतली प्रयोगशाळा, फायली गायब झाल्याच्या तक्रारी खोदत गेलं की बहुतेक वेळा हेच निघतं: कुणीतरी कामाची फाइल अशा जागी ठेवली होती, जी रिकामी करायचा सिस्टमला पूर्ण अधिकार आहे.

आज्ञांबद्दल एक सूचना. इथे आज्ञा आणि पाथ देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे. टीएमपी म्हणजे टी, एम, पी ही तीन अक्षरं. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

कोणती जागा किती टिकते

/टीएमपी ही सगळ्यांत कमी भरवशाची जागा. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने १८ व्या आवृत्तीपासून आणि डेबियनने २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ती टीएमपीएफएस केली, म्हणजे ती डिस्कवर नसून मेमरीत असते. मशीन बंद झालं की तिथलं सगळं संपलं. डेबियन १२ मध्ये ती डिस्कवर होती, पण प्रत्येक बूटला रिकामी केली जायची. उबुंटूही बूटच्या वेळी ती साफ करतं. थोडक्यात, डिस्कवर असो वा मेमरीत, रीबूटनंतर /टीएमपीत काही उरेल अशी अपेक्षाच ठेवायची नाही.

/व्हार/टीएमपी डिस्कवर असते आणि रीबूटला पुसली जात नाही. मोठी, तासन् तास चालणारी कामं, जी लाइन गेली तरी पुढे सुरू करता आली पाहिजेत, त्यांची जागा ही. पण ही जागा म्हणजे कोठार नव्हे, खळं आहे. माल तिथे पडून राहायचा नसतो. फेडोरावर आणि डेबियन १३ च्या नव्या इन्स्टॉलेशनवर इथल्या ३० दिवसांपेक्षा जुन्या फायली आपोआप काढल्या जातात. चालू मशीनवर /टीएमपीसाठी हीच मुदत १० दिवसांची आहे.

/रन हीसुद्धा मेमरीतली जागा. चालू असलेल्या सर्व्हिसेसचे (मागे चालणाऱ्या प्रोग्रामांचे) पीआयडी म्हणजे क्रमांक, सॉकेट म्हणजे आपसातल्या संवादाच्या जागा, आणि लॉक इथे राहतात. लॉगिन केलेल्या माणसासाठी /रन/यूजर/१००० असा फोल्डर तयार होतो आणि त्याची शेवटची सेशन संपली की तोही जातो. /डेव्ह/एसएचएम मेमरीतच आहे. तिथे स्वतःहून फायली ठेवायचं सहसा कारण नसतं.

या सगळ्यांच्या बाहेर, पुसायचा अधिकार कुणालाच नाही अशा जागा दोन: माणसाच्या कामासाठी त्याचा होम फोल्डर, आणि सर्व्हिसच्या कामासाठी /व्हार/लिब किंवा /एसआरव्ही.

आपल्या मशीनवर खरंच काय आहे ते बघा

वितरण आणि आवृत्तीप्रमाणे हे बदलतं, म्हणून अंदाज नको. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर बेतलेलं आहे, त्यामुळे ते डेबियनच्या कोणत्या आवृत्तीवर आहे त्यावर उत्तर ठरतं. चार आज्ञा पुरतात:

फाइंडएमएनटी /टीएमपी
डीएफ -एच /टीएमपी /व्हार/टीएमपी
सिस्टमडी-टीएमपीफाइल्स --कॅट-कॉन्फिग
सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स

पहिलीच्या उत्तरात टीएमपीएफएस दिसलं तर /टीएमपी मेमरीत आहे. काहीच उत्तर आलं नाही तर ती मूळ डिस्कचाच भाग आहे. दुसरी आज्ञा मर्यादा दाखवते. टीएमपीएफएसची मर्यादा साधारणपणे मेमरीच्या निम्मी असते, म्हणजे ४ जीबीच्या जुन्या मशीनवर जेमतेम २ जीबी. तिसरीचं उत्तर लांबलचक येतं. त्यात /टीएमपी आणि /व्हार/टीएमपीच्या ओळी शोधा. ओळीची रचना अशी: प्रकार, पाथ, परवानगी, मालक, ग्रुप, मुदत. मुदतीच्या जागी १०डी म्हणजे १० दिवस, नुसती आडवी रेघ म्हणजे मुदतीप्रमाणे सफाई नाही. ओळीच्या सुरुवातीला मोठा डी असेल तर बूटच्या वेळी तो फोल्डर आतून रिकामा होतो. लहान डी किंवा लहान क्यू असेल तर फक्त मुदत लागू.

सिस्टमडी म्हणजे बूटपासून सर्व्हिसेस आणि ही सफाई सांभाळणारी व्यवस्था. चौथ्या आज्ञेत तिचा सिस्टमडी-टीएमपीफाइल्स-क्लीन नावाचा टायमर दिसेल. तो बूटनंतर १५ मिनिटांनी एकदा चालतो आणि मग दर २४ तासांनी. हा १५ मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा.

सुट्टीनंतरची पंधरा मिनिटं

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मेच्या सुरुवातीला बंद केलेलं मशीन जवळपास दोन महिने बंद असतं. कुणीतरी निकालाचं अर्धवट काम ‘रीबूटला पुसलं जात नाही’ म्हणून /व्हार/टीएमपीत ठेवलं आहे. शाळा उघडते, मशीन सुरू होतं, फाइल जागेवर दिसते, सगळे निश्चिंत होतात. पंधरा मिनिटांनी टायमर चालतो, फाइल ५० दिवसांहून जुनी आहे असं त्याला दिसतं आणि तो ती काढून टाकतो. सिस्टमने नियमाप्रमाणेच काम केलं. मशीन बंद असलं तरी दिवस मोजले जातातच. कापसाचा हंगाम संपल्यावर महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या काट्याच्या मशीनचंही तेच.

फाइल जुनी ठरायला तिन्ही वेळा जुन्या असाव्या लागतात: शेवटची वाचल्याची, शेवटची बदलल्याची आणि परवानगी किंवा नाव बदलल्याची. एक जरी ताजी असली तरी फाइल वाचते. म्हणून दोन महिन्यांनी मशीन सुरू केल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत फाइल उघडली तर ती बचावू शकते, पण अशा नशिबावर काम ठेवू नये. याच नियमाची दुसरी बाजू अशी की रात्रीचा बॅकअप /व्हार/टीएमपीतल्या फायली वाचत असेल तर त्यांची वाचल्याची वेळ पुढे सरकत राहते आणि कचरा कधीच जुना होत नाही. बॅकअपमधून /टीएमपी आणि /व्हार/टीएमपी या दोन्ही जागा वगळा.

याहून फसवा प्रकार घड्याळाचा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला असेल तर मशीनला बंद असतानाची वेळ कळत नाही. रास्पबेरी पायच्या ४ थ्या मॉडेलपर्यंत घड्याळाची चिपच नाही. ५ व्यात आहे, पण तिला बॅटरी वेगळी जोडावी लागते. असं मशीन २८ जूनला सुरू केलं तरी ते स्वतःला ५ मेमध्ये समजू शकतं. तेवढ्यात तुम्ही काम सुरू केलं, तर नव्या फाइलवर ५ मेचीच तारीख पडते. दहा मिनिटांनी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, वेळ नेटवरून दुरुस्त झाली, आणि आत्ताच केलेली फाइल क्षणात ५४ दिवसांची झाली. सफाईचा टायमर मात्र बूटपासूनची मिनिटं मोजतो, घड्याळ बघत नाही. तो ठरल्यावेळी येतो आणि ताजी फाइल उचलतो.

उपाय सोपे आहेत. सेल बदला, तो ३ व्होल्टचा गोल सेल साध्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मशीन सुरू केल्यावर टाइमडेटसीटीएल ही आज्ञा देऊन तारीख तपासा, मगच कामाला लागा. नेट नसेलच तर आधी टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स, मग टाइमडेटसीटीएल सेट-टाइम आणि अवतरणचिन्हांत तारीख-वेळ. स्वतः लिहिलेली सर्व्हिस असेल तर सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस चालू करा आणि आपल्या युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट लिहा, आफ्टरचं पहिलं अक्षर मोठं. पण नेटच येत नसलेल्या गावात असं केलं तर तुमची सर्व्हिस वाट बघतच बसेल, तिथे सेल हाच खरा इलाज.

कामाची फाइल लिहायची योग्य रीत

वजनकाट्याचं उदाहरण घेऊ. दिवसभरातल्या गाड्यांचा हिशोब करून एक स्क्रिप्ट संध्याकाळी सीएसव्ही बनवते. ती थेट शेवटच्या नावाने लिहू लागली आणि मधेच लाइन गेली, तर कालची चांगली फाइल गेली आणि आजची अर्धी. त्यावर अनेक जण /टीएमपीत लिहून शेवटी एमव्ही करतात. हा उपाय अर्धाच आहे. एकाच फाइलसिस्टममध्ये एमव्ही म्हणजे फक्त नाव बदलणं. ते एक तर होतं किंवा होत नाही, अर्धवट होत नाही. पण /टीएमपी मेमरीत आणि /एसआरव्ही डिस्कवर असेल तर एमव्ही आतून कॉपी करतं आणि मग मूळ फाइल पुसतं. कॉपीच्या मधोमध लाइन गेली की पुन्हा अर्धी फाइल. म्हणून कच्ची फाइल जिथे शेवटी जायची आहे त्याच फोल्डरमध्ये बनवा:

सेट -ईयू
जागा=/एसआरव्ही/काटा
कच्ची=$(एमकेटेम्प "$जागा/.आजचा.एक्सएक्सएक्सएक्सएक्सएक्स")
ट्रॅप 'आरएम -एफ "$कच्ची"' एक्झिट
हिशोब > "$कच्ची"
सीएचमॉड ०६४० "$कच्ची"
सिंक "$कच्ची"
एमव्ही "$कच्ची" "$जागा/आजचा.सीएसव्ही"
सिंक "$जागा"

सहा एक्स मोठ्या अक्षरांत, एक्झिटही मोठ्या अक्षरांत. ‘जागा’ आणि ‘कच्ची’ ही नावं इंग्रजी अक्षरांतच लिहा, बॅश देवनागरी नावं घेत नाही. ‘हिशोब’च्या जागी तुमचा प्रोग्राम.

यातल्या काही ओळी लोक काढून टाकतात आणि नंतर पस्तावतात. एमकेटेम्पने केलेली फाइल फक्त मालकाला वाचता येते, ०६०० परवानगीची. सीएचमॉडची ओळ गाळली तर तीच परवानगी पक्क्या फाइलला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी हिशेबनीस ‘फाइल उघडत नाही’ म्हणत येतात. पहिला सिंक गाळला तर नाव बदललेलं असतं पण आतला मजकूर डिस्कवर पोचलेला नसतो. लिहिलेला डेटा कर्नल (लिनक्सचा गाभा) साधारण अर्धा मिनिट मेमरीत धरून ठेवू शकतो. लाइन गेल्यावर शून्य बाइटची फाइल सापडते ती यामुळे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टममध्ये २००९ पासून अशा नावबदलासाठी काही काळजी घेतलेली आहे, पण सगळ्या फाइलसिस्टमवर तिचा भरवसा नको. शेवटचा सिंक फोल्डरसाठी आहे, नव्या नावाची नोंद डिस्कवर जावी म्हणून. एखादी फाइल किंवा फोल्डर देऊन सिंक करायची सोय कोअरयूटिल्स या मूळ आज्ञांच्या संचाच्या ८.२४ आवृत्तीपासून आहे.

स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची ठेवा. डेबियन-उबुंटूवरची साधी एसएच म्हणजे डॅश, आणि डॅश सिग्नलने मेली तर एक्झिटचा ट्रॅप चालवत नाही.

ट्रॅपबद्दल गैरसमज नको. तो प्रोग्राम चुकल्यावर किंवा कंट्रोल-सी दाबल्यावर साफसफाई करतो. लाइन गेली किंवा किल -९ दिलं तर त्याला संधीच मिळत नाही. मग .आजचा.ने सुरू होणाऱ्या कच्च्या फायली /एसआरव्ही/काटा मध्ये साचतात. त्यांचा बंदोबस्त खाली आहे.

आणि प्रत्येक गाडीच्या वजनाची मूळ नोंद? ती तात्पुरती नसतेच. ती वजन होताच लॉग फाइलच्या शेवटी जोडा आणि सिंक करा. शेतकऱ्याचे पैसे त्या ओळीवर ठरतात; संध्याकाळचा हिशोब त्यातून कितीदाही परत काढता येतो.

लॉक आणि /रन

‘स्क्रिप्ट आधीच चालू आहे’ हे ओळखायला लोक /व्हार/टीएमपीत किंवा होममध्ये लॉक फाइल करतात. लाइन गेली की लॉक फाइल मागे राहते, आणि पुढच्या बूटनंतर स्क्रिप्ट चालायलाच नकार देते. फाइल आहे की नाही यावर लॉक ठरवू नका, एफलॉक वापरा:

एफलॉक -एन /रन/काटा/काम.लॉक /यूएसआर/लोकल/बिन/काटा-हिशोब

एफलॉकचा लॉक कर्नल सांभाळतो. प्रोग्राम कसाही मेला तरी तो सुटतो, फाइल मागे राहिली तरी अडत नाही.

/रन/काटा मात्र हाताने बनवलात तर पुढच्या बूटला तो नसेल. सर्व्हिस पहिल्या दिवशी झकास चालते आणि रीबूटनंतर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणते, याचं नेहमीचं कारण हेच. सर्व्हिसच्या युनिटमध्ये रनटाइमडिरेक्टरी=काटा लिहिलं की सिस्टमडी तो फोल्डर सर्व्हिस सुरू होताना करतं, थांबताना काढतं. टिकाऊ डेटासाठी तिथेच स्टेटडिरेक्टरी=काटा लिहा; तो /व्हार/लिब/काटा होतो आणि रीबूटला हात लागत नाही. या नावांतली मोठी अक्षरं युनिटच्या दस्तऐवजात असतात तशीच हवीत, नाहीतर सिस्टमडी ती ओळ दुर्लक्षून पुढे जातं.

आपले सफाईचे नियम

/यूएसआर/लिब/टीएमपीफाइल्स.डी मधल्या फायलींना हात लावू नका, अपडेटला त्या बदलतात. आपले नियम /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये, .कॉन्फ शेवट असलेल्या फाइलमध्ये. समजा सेवा केंद्रात कागद स्कॅन होऊन कच्च्या पीडीएफ साठतात आणि त्या आठवड्याने जाव्यात:

डी /व्हार/स्कॅन/कच्चे २७७० रूट स्कॅन ७डी -

पहिला डी लहान. हा फोल्डर नसेल तर तयार होईल, स्कॅन ग्रुपच्याच लोकांना दिसेल, आणि ७ दिवसांपेक्षा जुन्या फायली जातील. आधारच्या प्रती असलेल्या मशीनवर ही ग्रुपची मर्यादा गरजेची आहे. /टीएमपीत पडलेली सामान्य परवानगीची पीडीएफ त्या मशीनवरचा कोणीही लॉगिन वाचू शकतो.

मघाच्या काट्याच्या उरलेल्या कच्च्या फायलींसाठी:

आर! /एसआरव्ही/काटा/.आजचा.*

इथे आर लहान. उद्गारचिन्ह म्हणजे फक्त बूटच्या वेळी. ते विसरलात तर एखादं पॅकेज अपडेट होताना हीच साफसफाई चालू मशीनवर होऊ शकते आणि लिहीत असलेली फाइल पायाखालून जाईल.

एखादी गोष्ट /व्हार/टीएमपीतच ठेवणं भाग असेल तर लहान एक्सची ओळ तिला सफाईतून वगळते:

एक्स /व्हार/टीएमपी/नकाशे*

एक खोच आहे. /व्हार/टीएमपीची मुदतच बदलायची असेल तर वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये तीच पाथ परत लिहून चालत नाही; एकाच पाथच्या दोन ओळी भेटल्या की फायलींच्या नावांच्या क्रमाने पहिली घेतली जाते आणि दुसरीवर नुसती तक्रार लॉगमध्ये पडते. म्हणून टीएमपी.कॉन्फ त्याच नावाने /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये कॉपी करा आणि तिथे मुदत बदला. त्या नावाची /ईटीसीतली फाइल मूळ फाइलला पूर्ण झाकते.

नियम लागू करण्याआधी बघा. सिस्टमडीच्या २५६ आवृत्तीपासून --ड्राय-रन आहे:

सुडो सिस्टमडी-टीएमपीफाइल्स --क्लीन --ड्राय-रन

जुन्या आवृत्तीत ही सोय नाही. तिथे फाइंड वापरून -एटाइम +७, -एमटाइम +७ आणि -सीटाइम +७ अशा तिन्ही अटी लावा आणि नुसतं -प्रिंट द्या. साधारण तीच यादी मिळते.

याच २५६ मध्ये --पर्ज नावाचा पर्याय आला. तो तेव्हा नियमांत तयार होणारा प्रत्येक पाथ काढून टाकायचा, आणि त्या नियमांत /होमसुद्धा होता. जून २०२४ मध्ये यावरून बराच गदारोळ झाला, आणि २५६.१ मध्ये नियमाच्या फाइलचं नाव दिल्याशिवाय हा पर्याय चालणार नाही अशी दुरुस्ती झाली. तात्पुरत्या फायली साफ करायला --क्लीन पुरेसा आहे, --पर्जच्या वाटेला जाऊ नका.

जे करू नये

चालू मशीनवर सगळी /टीएमपी आरएम -आरएफने उडवू नका. अनेक सर्व्हिसेस प्रायव्हेटटीएमपी घेऊन चालतात. त्यांची /टीएमपी ही खऱ्या /टीएमपीतल्या सिस्टमडी-प्रायव्हेट नावाच्या फोल्डरमध्ये असते. तो गेला की सर्व्हिस चालू दिसते पण तात्पुरती फाइल करता येत नाही म्हणून अडते. असं झालंच असेल तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, फोल्डर परत होतो. याच सोयीमुळे तुम्ही /टीएमपीत टाकलेली फाइल वेब सर्व्हरला दिसत नाही. परवानग्या तपासत तास घालवण्याआधी हे आठवा.

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत, फाइंड आणि -डिलीटची जुनी ओळ असेल तर काढून टाका. ती एक्स११ चे (डेस्कटॉपच्या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेचे) सॉकेटही उचलते, लॉकही बघत नाही. सिस्टमडी-टीएमपीफाइल्स ज्या फोल्डरवर एफलॉक धरलेला आहे तो सोडून देतं, हा मोठा फरक.

/टीएमपीची परवानगी १७७७ असते. त्यातला पहिला १ म्हणजे दुसऱ्याची फाइल कुणी पुसू नये यासाठीचा स्टिकी बिट. कुणी ती ७५५ केली तर पॅकेज बसवणारं एपीटी तात्पुरती फाइल करता येत नाही म्हणतं, मारियाडीबी हा डेटाबेस सुरू होत नाही, डेस्कटॉपवर पासवर्ड बरोबर टाकूनही परत लॉगिनचीच खिडकी येते. इलाज एका ओळीचा:

सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी

स्क्रिप्टमध्ये /टीएमपी/अहवाल.सीएसव्ही असं ठरलेलं नाव वापरू नका. एकदा साध्या लॉगिनने चालवलेली स्क्रिप्ट ती फाइल मागे ठेवते, मग रात्री क्रॉनमधून रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने तीच चालते आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं. रूटला परवानगी कशी नाही, असं वाटतं. कर्नल ४.१९ पासून एफएस.प्रोटेक्टेड_रेग्युलर हे संरक्षण आहे आणि आजच्या बहुतेक वितरणांत ते चालू असतं: स्टिकी फोल्डरमधल्या दुसऱ्याच्या फाइलवर अशा पद्धतीने लिहू देत नाही. ते बंद करू नका, एमकेटेम्प वापरा.

/टीएमपी भरली तर

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं आणि डिस्क रिकामी दिसत असेल तर बहुधा मेमरीतली /टीएमपी भरली आहे. स्कॅन केलेली ३०० पानं एकदम पीडीएफ करताना इमेजमॅजिक मोठमोठ्या फायली करतं आणि मधेच मेलं तर मॅजिक-ने सुरू होणारा कचरा मागे ठेवतं. मोठ्या कामापुरती जागा बदला: आज्ञेच्या आधी टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी लिहा, टीएमपीडीआयआर मोठ्या अक्षरांत. सॉर्टला मोठ्या टी अक्षराने -टी /व्हार/टीएमपी असंही सांगता येतं.

कायमचा बदल हवा असेल तर सुडो सिस्टमसीटीएल एडिट टीएमपी.माउंट देऊन माउंट या विभागात ऑप्शन्स=मोड=१७७७,नोसुइड,नोडेव्ह,साइझ=१जी असं लिहा, १जीच्या जागी हवी ती मर्यादा; माउंट आणि ऑप्शन्स यांची पहिली अक्षरं मोठी. /टीएमपी परत डिस्कवरच न्यायची असेल तर सुडो सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट आणि रीबूट. २ किंवा ४ जीबी मेमरीच्या मशीनवर आम्ही दुसरा मार्गच सुचवू.

डेबियन १२ वरून १३ वर गेलेल्या मशीनवर आणखी एक गोष्ट होते. मेमरीतली नवी /टीएमपी जुनीच्या वर बसते, आणि डिस्कवरच्या जुन्या फायली दिसेनाशा होऊनही जागा खात राहतात. सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी केल्यावर /एमएनटी/टीएमपीत त्या सापडतील. काम झालं की सुडो युमाउंट /एमएनटी.

डीएफ भरलेलं सांगतं आणि डीयूला काहीच सापडत नाही, असं असेल तर फाइल पुसली आहे पण एखादा प्रोग्राम ती उघडी धरून आहे. सुडो एलएसओएफ +एल१, इथे एल मोठा. यादीतला प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा सुटते.

खुर्चीत बसणाऱ्यांसाठी

कमांडशी संबंध नसलेल्या माणसांच्या फायली जातात त्या बहुतेक एकाच मार्गाने: ईमेलमधली एक्सेल थेट उघडायची, त्यातच भरायची आणि सेव्ह करायची. ती प्रत /टीएमपीत असू शकते. झिपमधून डबल क्लिक करून उघडलेल्या फाइलचंही तेच. आधी डाउनलोड्समध्ये उतरवा, मग उघडा. शंका असेल तर फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये पाथ दिसतो; तो /टीएमपीने सुरू होत असेल तर लगेच सेव्ह अ‍ॅज.

लिब्रेऑफिसची ऑटोरिकव्हरी होममध्ये लिहिते, त्यामुळे रीबूटला टिकते, पण ती मूळ सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनीच चालते. पावसाळ्यात वादळ झालं की लाइन ये-जा करते तेव्हा दहा मिनिटं म्हणजे अर्धा फॉर्म. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन ती २ मिनिटं करा. विमची स्वॅप फाइल मूळ फाइलच्या शेजारीच असते. लाइन आल्यावर विम -आर आणि फाइलचं नाव. नॅनो लाइन गेल्यावर काहीही वाचवत नाही.

मोठी फाइल उतरवायची तर /टीएमपीत नाही, होममध्ये, आणि डब्ल्यूगेट -सी ने, म्हणजे तुटल्यावर तिथूनच पुढे सुरू होते.

तपासणी

बदल केले की नीट रीबूट करून बघा: /रनमधले फोल्डर आले का, सर्व्हिस उठली का, कच्च्या फायली गेल्या का. मग २० मिनिटं थांबा आणि ही आज्ञा द्या:

जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-टीएमपीफाइल्स-सेटअप -यू सिस्टमडी-टीएमपीफाइल्स-क्लीन

चुकलेली ओळ, दुहेरी पाथ, नसलेला ग्रुप, सगळं तिथे फाइल आणि ओळीच्या क्रमांकासह दिसतं. नुसता रीबूट मात्र लाइन जाण्याची नक्कल करत नाही, कारण त्यात सगळं सिंक होऊन बंद होतं. खरी परीक्षा हवी तर डेटाचा बॅकअप घेऊन, हंगाम नसताना, हिशोबाची स्क्रिप्ट चालू असतानाच पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. मशीन उठल्यावर आजचा.सीएसव्ही एक तर पूर्ण जुनी असेल किंवा पूर्ण नवी. अर्धी सापडली तर कुठलातरी सिंक राहिला आहे, किंवा कच्ची फाइल दुसऱ्या फाइलसिस्टमवर बनते आहे.